कटअवेच्या खाली

वासुदेव टीव्हीवर बातम्या बघायला बसला की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसे. त्याचं लक्ष मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे असे. काटा मध्येच पुढे सरकलेला दिसला की तो समाधानाने म्हणे, "कापलंय." घड्याळ नसलं तर समोरच्या पेल्यातला चहा कमी-जास्त होतो का ते बघे. त्याची बायको अरुंधती म्हणायची, "तुमच्यासमोर प्रत्यक्ष देव येऊन बोलला ना, तरी तुम्ही विचाराल, रॉ कुठंय?"

रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलं कच्चं, न कापलेलं चित्रण. वासुदेवचा विश्वास होता तो तेवढ्यावरच, आणि त्याला कारणही होतं. व्हीएचएसच्या काळात त्याने लग्नाच्या कॅसेटी जोडायला सुरुवात केली. अख्ख्या लग्नात न हसलेल्या मुलीच्या बापाचं साखरपुड्यातलं हसू उचलून त्याने कन्यादानात बसवलेलं होतं, आणि ते बघून मुलीकडची माणसं डोळे पुसत घरी गेली होती. पुढे तो एका केबल चॅनलवर एडिटर झाला. ते सुटल्यावर इंदूरला कृष्णपुऱ्याजवळ एक खोली घेऊन परत लग्नांकडे वळला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा त्याला सगळ्या ठाऊक होत्या. त्यामुळे कोणी गोड बोललं की तो आधी सांधा शोधायचा.

त्याच्याकडे मन लावून काम शिकली ती एकटी शलाका. थोरल्या भावाची, नानांची मुलगी. भावाभावांत बोलणं नसलं तरी कॉलेज सुटलं की ती खोलीवर येऊन बसायची. त्याने तिला सांगितलं होतं, "वाक्य मधून कापलं की चित्र झटका खातं. मग वरून दुसरं चित्र पसरायचं. हात, खिडकी, काहीही. त्याला कटअवे म्हणतात. चादरच समज. खाली फाटकी गादी आहे की नवी, बघणाऱ्याला काय कळतं?" आवाजाचा सांधा कसा लपवायचा तेही त्यानेच शिकवलं. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प बसवायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा, पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण. हा झाला रूम टोन. त्याची पट्टी सांध्याखाली सरकवली की कानही फसतात.

ज्या कापाकापीने दोघा भावांचं घर फुटलं तीही अशीच होती. नाना मराठी शाळेचे मुख्याध्यापक. शाळेत मुलं कमी झाली तेव्हा केबल चॅनलने त्यांची मुलाखत घेतली. नाना म्हणाले, "मराठी स्कूल बंद कर दो कहना आसान है, चलाना मुश्किल है." पडद्यावर आलं तेवढंच, "मराठी स्कूल बंद कर दो." पुढे रिकाम्या बाकांचा कटअवे. इंदूरच्या मराठी माणसांत गहजब झाला. त्या दिवशी वासुदेव रजा घेऊन देपालपूरला एका लग्नाच्या कामावर गेला होता. ती बाइट, म्हणजे मुलाखतीचा तो तुकडा, दुसऱ्याच एडिटरने कापली होती. पण मराठी मंडळाच्या भरल्या बैठकीत नाना उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या धाकट्या भावानेच हे केलं. मशीनवर तोच बसतो." वासुदेवने जीव तोडून सांगितलं, पण कोणी ऐकलं नाही. गणपतीच्या मांडवात ओळखीची माणसं त्याला बघून पाठ फिरवू लागली. त्यानंतर कित्येक वर्षं तो अन्नपूर्णा भागातल्या नानांच्या घराची पायरी चढला नव्हता.

आता नानांची पंचाहत्तरी होती. शलाकाने त्यांच्यावर एक फिल्म केली होती आणि ती मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायची होती. त्याआधी तिने काकाला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "शेवट जरूर बघा."

शेवटी नाना खुर्चीत बसून सांगत होते, "वासूने ते कापलं नव्हतं." चित्र बदललं. खिडकी, खिडकीतली कुंडी. त्यावर नानांचा आवाज, "त्याचा त्यात हात नव्हता." मग हळूहळू अंधार, आणि शलाकाचं नाव.

अरुंधतीने पदर डोळ्यांना लावला. "बघा! अखेर बोलले."

वासुदेवच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. "खिडकी कशाला आली?"

"आता खिडकीचं काय?"

"ऐन त्या वाक्यावर खिडकी कशाला आली? नाना म्हणाले असतील, त्याचा हात नव्हता असं तो म्हणतो. शेवटचे तीन शब्द उडवले की झालं काम! माझ्याच हाताखाली शिकलीय ती."

त्याने हेडफोन चढवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. पंख्याचा आवाज कुठे तुटत नव्हता. दुसऱ्या कोणाची खात्री पटली असती. याचा संशय वाढला. इतका सारखा आवाज म्हणजे रूम टोनची पट्टी सरकवलेली असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

त्याने शलाकाला फोन लावला. "रॉ पाठव."

"काका, देखो, फाइल खूप भारी आहे. हार्ड डिस्क घरी आहे."

"मग कृष्णपुऱ्याला घेऊन ये."

"तुम्ही खामखा शक करून राहिले. मी काही जोडलेलं नाही."

"जोडलं नाहीस तर दाखवायला का-कू कशाला करतेस?"

"मग घरी या ना," शलाका म्हणाली. "डिस्क घराबाहेर नाही जाणार."

यातही त्याला डाव दिसला. पण हॉलभर माणसांसमोर खोटं वाक्य वाजणार, उद्या कोणीतरी ते उघडं पाडणार, आणि पुन्हा आळ येणार तो वासुदेववरच. ते जोडकाम आहे की खरं, हे आधी कळायलाच हवं होतं. त्याने विचारलं, "नाना देवळात कधी जातात?"

"संध्याकाळी."

तो संध्याकाळी गेला. पायरीशी घुटमळला, चपला नको इतक्या नीट लावल्या आणि थेट शलाकाच्या खोलीत जाऊन बसला. "लाव."

तिने कच्चं चित्रण सुरू केलं. नाना खुर्चीत. "वासूने ते कापलं नव्हतं." वासुदेव पुढे वाकला. इथेच खिडकी आली होती. इथे खिडकी नव्हती, नाना होते. त्यांचा जबडा थरथरत होता, चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. ते म्हणाले, "त्याचा त्यात हात नव्हता." वाक्य सलग होतं. पुढे "असं तो म्हणतो" नव्हतं.

"रडताना दाखवू नको म्हणाले," शलाका हळूच म्हणाली. "म्हणून खिडकी टाकली."

तिने झटकन माउसकडे हात नेला. ती घाई त्याने टिपली. "थांब. चालू राहू दे."

"पुढे काही नाही काका."

"कॅमेरा चालू आहे की अजून."

पडद्यावर नानांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "मला बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चॅनलच्या मालकाचाच फोन आला, तुमचा भाऊ रजेवर होता म्हणून. पण मी मंडळात बोलून बसलो होतो. आणि खरं सांगू? लोकांचा राग माझ्यावरून निघून वासूवर गेला होता. मला बरं वाटलं. म्हणून गप्प बसलो."

इतका वेळ वासुदेव सांध्यात चोर शोधत होता. चोरी झाली होती शेवटाला, जिथे फिल्म सरळ संपते आणि एडिटरचा डोळाही सैल पडतो.

"हे का उडवलंस?"

"हे ऐकून तुम्ही आला असता का?" शलाकाचा आवाज चिरकला. "मला फक्त तुम्ही हॉलमध्ये यायला हवे होते."

दारात नाना उभे होते. हातात प्रसादाचा द्रोण. ते किती वेळचे आले होते कोण जाणे. पडद्यावर त्यांचाच चेहरा थांबलेला होता.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं. कापलेलंसुद्धा." वासुदेव खुर्चीवरून उठला. "नाना, हे तुम्ही उडवायला सांगितलंत?"

"नाही."

"खरं?"

"मी बोललो होतो ते ठेवायलाच. रडलेलं तेवढं काढ म्हणालो." नानांनी द्रोण टेबलावर ठेवला. "तुला खोटं वाटेल. वाटणारच."

वासुदेवने शलाकाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "पप्पा खरं बोलतायत. मीच उडवलं."

"तुम्ही मंडळात नाव घेतलं ते भरल्या सभेत," वासुदेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "अरुंधती वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला गेली नाही. आणि तुम्हाला बरं वाटलं!"

"वाटलं," नाना म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही. "माफी मागून ते भरून निघत नाही, कळतं मला. तुझं नाव भरल्या सभेत घेतलं, तर भरल्या सभेतच परत करतो. शलाका, तो तुकडा जोड."

"पप्पा, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. रडलेलंही राहू दे आता. जोड."

शलाकाने डोळे पुसले आणि खुर्ची काकाकडे सरकवली. "तुम्ही बसा. तुमचा हात साफ आहे."

वासुदेव दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला. "मी मशीनला हात लावणार नाही. उद्या परत कोणी म्हणेल, वासूने जोडलं."

"आता कोण म्हणेल रे?" नाना म्हणाले.

"तुम्ही."

शलाकाला आधी हसू फुटलं. मग नानांनाही, रडल्यासारखं. वासुदेव हसला नाही. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, शलाकाच्या मागे, पडदा पुरता दिसेल असं ठेवलं आणि बसला.

"शेवटचा शब्द पुरा होऊन मगच संपू दे," तो म्हणाला. "मी बघतोय."