शैवाकाला विचारून घर

प्रवासात पाण्याची बाटली तहानलेल्या माणसासाठी असते, अशी माझी भाबडी समजूत होती. आमच्या सौभाग्यवतींनी ती मागच्या आठवड्यात मोडली. भर उन्हात निम्मी बाटली त्यांनी आंब्याच्या खोडावर ओतली. उरलेल्या निम्मीकडे मी नुसतं पाहिलं तर म्हणाल्या, "अजून एक झाड आहे." याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे धर्मशास्त्रात सापडत नाही.

निघालो त्याचं कारण साधं होतं. सुनीताला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, दमा आहे आणि नाशकात आमच्या घरापुढून दिवसभर ट्रक जातात. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा. दोन जागा समोर होत्या. दिंडोरीला तिच्या भावाच्या मळ्यातल्या दोन खोल्या, आणि पेठ रस्त्याला करंजाळीच्या पुढे भाड्याचं घर. सुनीता वनस्पतिशास्त्र शिकवायची. म्हणाली, "हवेचं शैवाकाला विचारू." म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाच्या गोताला.

डिसेंबरात जाणार असाल तर सकाळी सातलाच निघा. दिंडोरी तासाभरात येते. वाटेत मला धडा मिळाला. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं, शास्त्रात नाव मात्र बुरशीचं लागतं. "यात नवीन काही नाही," असं म्हणून ती खिडकीबाहेर पाहू लागली. मी गिअर बदलला. ढोबळ प्रकार तीन. रंगाच्या पोपड्यासारखं चिकटलेलं, पानासारखं कडेनं सुटलेलं आणि दाढीसारखं लोंबणारं. पहिलं धूर बराच सोसतं, तिसरं जवळजवळ नाहीच.

मेहुणा प्रकाश बांधावर उभा होता. "ताई, हवा बघ कसली हाय. दाजी, तुम्ही पण या, पोथ्या वाचा निवांत."

बांधावरचा आंबा पाहून मी म्हणालो, "किती स्वच्छ खोड आहे!" सुनीता भिंग लावून बराच वेळ खोडाभोवती फिरली.

"पक्या, याच्यावर काहीच का नाही?"

"अगं, द्राक्षबागेला औषधाचा ब्लोअर मारतो ना. वारं फिरलं की आंब्यालाबी बसतं. खोडं लय साफ राहतात."

"शैवाकाला मूळ नसतं," ती मला म्हणाली, "हवेत जे असेल तेच खातं. एका झाडावरून निकाल लावू नये, पण..." पुढचं खोकल्यात गेलं. प्रकाशनं पाणी आणलं आणि मग खोल्यांचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पेठ रस्ता. सावळ घाटात वळणं आहेत, घाई करू नका. करंजाळीला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी जेवलो. दोघांचे दोनशे झाले. घरमालकीण मावशी पायरीवर नागली पाखडत होत्या. अंगणातल्या आंब्यावर राखाडी पापुद्रेच पापुद्रे होते. बाटली इथेच रिकामी झाली. पाणी पडलं तसे ते बघता बघता हिरवे झाले, म्हणजे आतलं शेवाळ जिवंत होतं.

"याला संस्कृतात शैलेय म्हणतात," मी म्हणालो. "शिळेवर उगवतं ते."

"मग आंब्याला सांगा तसं," सुनीता म्हणाली.

मावशी हसल्या. "बाई, झाडाला पाणी अन् मालक तहानेला? आत या, माठ हाय."

सुनीता तिथे तासभर बसली. एकदाही खोकली नाही. निघताना मी मावशींना विचारलं, "रात्रीबेरात्री दम लागला तर?"

"गाडी मिळाली तं नाशिक," त्या म्हणाल्या. "पावसात घाट बंद नसला तं."

घाट उतरताना सुनीता म्हणाली, "घर घेऊ या ना." मी "बघू" म्हणालो.

परत येऊन आठवडा झाला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबते आणि भिंतीवर काही उगवलंय का ते पाहत असल्याचं सांगते. भिंत दिवाळीतच रंगवली आहे. मीही तिच्याबरोबर पाहतो.

घर कुठे घ्यायचं ते ठरेल. पण जिना चढताना तिला किती धाप लागते, हे ती मला सांगत नाही, आणि मला विचारायची भीती वाटते.