डोहातला हिरवा प्राणी

जुने, कमी पैशात काढलेले भुताखेतांचे आणि परग्रहावरच्या प्राण्यांचे सिनेमे पाहायचं मला वेड आहे. दुपारी भोरच्या घरात जेवणं आटोपली की मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवते आणि लहानपणी पाहिलेले तेच सिनेमे परत शोधून काढते. राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते. उडती तबकडी दोऱ्यावर हेलकावे खाते. सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही एखाद्या क्षणी मी दचकून मागे सरकतेच.

गेल्या वर्षी अशाच एका सिनेमात मला माझी आई दिसली.

आकाशातून एक जळता गोळा नदीच्या डोहात पडतो आणि त्यातून रबरी अंगाचा हिरवा प्राणी बाहेर येतो, अशी गोष्ट होती. गावातली माणसं किंचाळत पाण्यातून पळतात. त्या घोळक्यातून सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी थेट कॅमेऱ्याच्या अंगावर धावत येते आणि बाजूने निघून जाते. तोंड उघडं, डोळे फाटलेले. मी सिनेमा थांबवला. ते कपाळ, ती हनुवटी रोज माझ्यासमोर जेवायला बसत होती.

मग मी तो तुकडा पुन्हा लावला, तेव्हा मागचं दिसलं. मुलीच्या पाठीमागे, प्राण्याच्या शेजारी, पाण्याबाहेर एक लहान हात वर आला होता. तो दोनदा हलला आणि खाली गेला.

हात कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही. आईचं माहेर हिर्डोशीजवळचं. धरण व्हायच्या आधी तिथं नीरेच्या डोहावर शूटिंगवाले आले होते आणि गावातल्या सगळ्यांना गर्दीत उभं केलं होतं. माझी मावशी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिचा पाय घसरला, ती डोहात गेली. आईने पळत जाऊन काठावरच्या मेंढरंवाल्या धनगराला बोलावलं आणि त्याने काठी पुढे करून मावशीला ओढून काढलं. ही हकिगत मावशी प्रत्येक लग्नात सांगायची. आई मात्र ती सुरू झाली की उठून जायची. कौतुकाने लाजते, असं आम्ही समजायचो.

मी उत्साहाने मोबाईल आईपुढे धरला. ती तांदूळ निवडत होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"बंद कर ते."

"अगं, तूच आहेस ना ही?"

"बंद कर म्हनते ना!"

आई माझ्यावर कधी ओरडत नाही. ती मागच्या दारी गेली ती दिवे लागेपर्यंत आत आली नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी मोजकंच बोलली. माझं काय चुकलं ते कळेना, म्हणून मी मावशीला तिच्या गावी, पासलीला फोन केला. तिला सगळं सांगून टाकलं. नेटवर्क गेलं असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"हाय मी," ती म्हणाली. "उद्या येते. आक्काला सांगू नगंस."

वेल्ह्यावरून एसटी बदलत मावशी दुपारी दारात उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. कपबशीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

चहा झाल्यावर मावशी म्हणाली, "लाव गं तो पिच्चर."

"मी न्हाई बघनार," आई म्हणाली.

"नगं बघूस. नुसती बस हितं."

आई भिंतीला टेकून बसली, तोंड दाराकडे. मी मोबाईल लावला. डोहाचा देखावा आला तशी मावशी पुढे वाकली. प्राणी वर आला, किंकाळ्या उठल्या. मी नकळत आईकडे पाहिलं. तिची मान वळली होती. ती बघत होती.

मुलगी धावत आली, निघून गेली. हात वर आला.

"ह्यो माजा," मावशी हळूच म्हणाली. "आन् त्या रबराच्या आत बी मानूसच हुता. त्यानं मला धरलं हुतं, पन त्याच्या त्या सोंगात पानी भरलं. त्यालाच उभं ऱ्हाता यीना."

मोबाईलमधलं भेसूर संगीत चालूच होतं. मी ते बंद केलं.

"म्या कुनाला बोलावलं न्हाई," आई म्हणाली.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्या तुला बुडताना बघितलं. तू आक्का म्हनून वराडलीस ते बी ऐकलं. आन् मी पळाले. मला वाटलं, ते जनावर खरंच हाय, माजा बी पाय धरंल. पार वरच्या बांधापोतर पळाले. तो धनगर त्याचा त्यो आला. मागनं समदी म्हनाली, थोरलीनं बोलावलं. मी न्हाई म्हनले न्हाई."

तिचा आवाज कोरडा होता. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मावशी काय करणार या धास्तीने मी जागची हलले नाही. इतकी वर्षं हिने जिचं कौतुक केलं, ती पळून गेली होती.

मावशीने पदराने तोंड पुसलं.

"मला ठावं हाय, आक्का. पान्यातनं तुजी पाठच दिसत हुती मला."

आई तिच्याकडे वळली. "मंग समद्यांना असं का सांगत ऱ्हायलीस?"

"घरी नेल्यावर बा तुज्यावर हात उगारून आला, ही कुठं हुती म्हनून. तवा म्या बोलले, हिनंच मानूस बोलावला. एकदा बोलले, मंग बोलतच ऱ्हायले." मावशीने रिकामी कपबशी बाजूला सारली. "आन् राग हुता की. लई दिवस हुता. माजी थोरली पोर झाली तिच्या बाळंतपनात तू म्हैनाभर माजं न्हानं केलंस, तवा कदी तरी ग्येला."

"मला एकदा बोलायचं तरी."

"तू उठून जायाचीस. कुनाला बोलू?"

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावशी सरकत तिच्याजवळ गेली आणि खांद्याला खांदा लावून बसली. दोघींपैकी कुणी कुणाला जवळ घेतलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

मावशी दोन दिवस राहिली. त्या दोघी सारख्या भांडत होत्या, भाकरीवरून, औषधाच्या गोळ्यांवरून, पूर्वी कधी भांडल्या नव्हत्या तशा. तिसऱ्या दिवशी मी मावशीला स्टँडवर सोडायला निघाले, तर आईही चप्पल घालून दारात उभी होती. हातात कपड्यांची पिशवी होती.

"चार दिस जाऊन येते हिच्याकडं," ती म्हणाली. "कुलपाची चावी तुज्याकडंच ठेव."