भोंग्याचा आवाज बसला तेव्हा

तिला सगळा डेपो ‘भोंगा’ म्हणायचा आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं तिचं काम. फलाटांच्या वर काचेची खिडकी असलेली टीचभर खोली, टेबलावर माइक आणि खाली माणसांचा बाजार. ‘फलाट क्रमांक चार’ असं ती म्हणाली की झोपलेला माणूसही सामान उचलून उभा राहायचा. वीज गेली तर ती खिडकी उघडून तशीच पुकारायची. माइक नुसता शोभेला ठेवलाय, असं ड्रायव्हर म्हणायचे.

लग्न तिनं स्वतःच्या पसंतीनं केलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, देखणा, बोलायला गोड. तासातासाला त्याचा फोन यायचा. जेवलीस का, कुणाशी बोलतेयस? हे सगळं सांगणारी मी त्याच स्थानकात खाली चौकशीच्या खिडकीवर बसते. मला त्याचं कौतुकच वाटायचं. मग तो तिला न्यायला यायला लागला. पुढेपुढे तर ड्यूटी संपायच्या आधीच जिन्यात येऊन उभा. आमच्याबरोबरचा तिचा चहा बंद झाला. “त्याला आवडत नाही गं,” एवढंच ती म्हणाली. तिच्या फोनचं कुलूप आता त्याच्या अंगठ्यानं उघडायचं.

घरी तो चिडला की वस्तू फुटायच्या, पण नेमक्या तिच्याच. चष्मा, हौसेनं आणलेली फुलदाणी, आईचा फोटो. स्वतःच्या एका वस्तूला त्याचा राग कधी शिवला नाही. पहिल्या थपडेनंतर तो तिच्या पाया पडून रडला. दुसऱ्या वेळी रडला नाही. त्यानंतर तर ‘तूच माझ्यावर ही वेळ आणतेस’ म्हणून तिलाच माफी मागायला लावली. हे आम्हाला सगळं नंतर कळलं. तेव्हा ती आपली ‘कपाट लागलं’ म्हणायची.

त्याची थोरली बहीण आमच्याच डेपोत ड्रायव्हर. सगळे तिला ताई म्हणतात. तिचं घरी येणंजाणं भावानं केव्हाच तोडलं होतं.

एका सकाळी ताई गाडी फलाटाला लावत होती आणि वरून आवाज आला. शब्द रोजचेच, पण घसा फाटलेला, मध्येच हवा निघून गेल्यासारखा. खाली लोक हसले, भोंग्याला सर्दी झाली म्हणाले. ताईनं इंजिन बंद केलं आणि भरली गाडी तशीच सोडून जिना चढली. मी बदललेल्या वेळा सांगायला वर गेले होते. भर उन्हाळ्यात भोंगा गळ्याला स्कार्फ गुंडाळून बसली होती.

“गळा धरला का त्यानं?” ताईनं सरळच विचारलं.

“नाही हो ताई, सर्दी...”

“गिळताना दुखतंय? डोळ्यांपुढे अंधारी आली होती?”

भोंग्यानं मान हलवली. हो.

ताई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. “आमच्या घरात आधी कपबशा फुटायच्या. मग बाबांचा हात आईच्या अंगावर पडायला लागला, मग गळ्यावर गेला. राग ओसरला की देवमाणूस आहे, असं आई म्हणायची. शेवटच्या वेळी तो ओसरलाच नाही. अगं, हात गळ्यापर्यंत गेला की पुढची पायरी एकच असते.”

“तुमचा भाऊ आहे तो.”

“म्हणूनच ओळखते ना त्याला!”

“तो म्हणतो, गेलीस तर जिवंत सोडणार नाही.”

“मग त्याला सांगून जायचंच नाही. निघायच्या वेळीच असली माणसं जास्त पिसाळतात. आत्ता, दिवसाउजेडी निघायचं.”

गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. दोघी आधी दवाखान्यात गेल्या, कारण दाबलेला घसा आतून नंतरही सुजतो. तिथून पोलिसांत. राहायला ताईच्या घरी नाही, तिथे तो आधी पोचला असता, महिलांच्या आधारगृहात. तिचा फोन मात्र मागे टेबलाच्या खणातच वाजत राहिला.

संध्याकाळी तो आला तर जिना ड्रायव्हर-कंडक्टरांनी भरलेला. कुणी हात उगारला नाही, कुणी वाटही दिली नाही.

“माझी बायको कुठंय?”

“चौकशीची खिडकी तिकडे,” आमचा जाडजूड मिस्त्री म्हणाला.

तो माझ्यासमोर आला. मी म्हटलं, “ती गाडी सुटली.”

त्यानं काचेवर मूठ हाणली. मागे पोलीस येऊन उभे होते, ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

कोर्टात ताईनं सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली. व्हरांड्यात काका तिच्यावर धावून आले, “रक्ताचं नातं विसरलीस?”

“रक्त मी एकदा फरशीवरून पुसलंय, काका. पुन्हा पुसणार नाही.”

तोवर महिनोन्‌महिने उपचार घेऊन भोंग्याचा घसा सुधारला होता. नवऱ्याचा वकील तिला म्हणाला, “जरा मोठ्यानं बोला.” हे त्यानं बोलायला नको होतं! पहिल्या फोनपासून शेवटच्या रात्रीपर्यंत तिनं असं सांगितलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. नवऱ्याला तुरुंगवास झाला आणि सुटल्यावरही तिच्या आसपास फिरकायची बंदी.

आता ती बस चालवायला शिकतेय. परवा डेपोच्या आवारात पहिल्यांदा एकटीनं रिकामी गाडी फिरवली. ताई खालून ओरडत होती, “डावीकडे, अगं डावीकडे घे!” हिनं खुशाल उजवीकडे वळवली आणि एकही खांब न पाडता गाडी नेमकी रेषेत आणून उभी केली. मिस्त्रीनं शिट्टी मारली. ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माझं कुणी ऐकेल तर शपथ!” आणि स्वतःच सगळ्यांत आधी हसत सुटली.