पालथं ताट

ओट्यावर स्टीलचं ताट पालथं दिसलं की अजूनही माझा हात पुढे जातो आणि तिथेच थबकतो. विरारच्या या फ्लॅटमध्ये लेक क्लासवरून घरी येऊन दारात चपला काढेपर्यंत मी तिचं ताट सुलटं करत नाही. ती म्हणते, "आई, तुझं काहीतरीच असतं!" असू दे.

राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर विद्यापीठाचं आमचं छोटंसं निवासी कॉलेज होतं. पंचवीसेक मुली, एक रेक्टरबाई आणि कोळीवाड्यातली स्वयंपाकाची मावशी. रुसवे-फुगवे एकत्र, आजारपणंही एकत्र. जेवणघराच्या फळीवर प्रत्येकीचं नाव कोरलेलं ताट पालथं असायचं. बाहेरून आलं की आपलं आपण सुलटं करायचं. सातनंतर एखादं पालथं राहिलं, की बाई चपला घालून शोधायलाच निघायच्या.

त्या संध्याकाळी माझी मैत्रीण प्रकल्पासाठी शिंपले गोळा करायला किनाऱ्यावर गेली होती. उशीर झाला तर तिला बोलणी बसतील, म्हणून मी शहाणीने तिचं ताट सुलटं केलं. वर बाईंना सांगितलं, "तिचं डोकं दुखतंय, पडलीय खोलीत."

भात वाढता वाढता मावशी सहज म्हणाली, "आज दशमी हाय गो, आताच भरतीचं पानी चढत असंल." माझा घास हातातच राहिला. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. सांगितलं तर आमची दोघींची धडगत नाही, आणि नाही सांगितलं तर... त्या 'तर'च्या पुढे मला जाववेना. भात संपला, ताक आलं, तरी मी गप्प. इतकी मी पुढे बाळंतपणातही भ्याले नाही. शेवटी रडतच बाईंपुढे उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत; पांढऱ्याफटक पडल्या आणि मावशीला घेऊन कोळीवाड्याकडे धावल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोळ्यांनी तिला होडीतून आणलं. ओहोळाला पाणी चढून ती पलीकडच्या सुरूच्या झाडांत अडकली होती, फोन भिजून गेलेला. थरथरत होती, पण मला बघून हसली. "मला भीती नव्हती गं. माझं ताट पालथं बघून बाई निघाल्याच असतील, हेच घोकत बसले होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या पदराने तिचे केस पुसू लागल्या. कॉलेज सुटलं, आम्ही पांगलो. तिचा फोन अजून येतो आणि दर वेळी मी म्हणते, तुझं ताट मीच सुलटं केलं होतं हे आज सांगीन. धीर होत नाही.

आता साडेसात होतील. लेकीचं ताट पालथंच आहे. दारावरची बेल वाजू दे, मग बघू.