खंडेनवमीला बांधलेला लॅपटॉप

"हात नको लावजो!" आई ओरडल्या अन् माझा हात तिथंच थांबला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पाटावर माझा लॅपटॉप, त्याला लाल नाडा गुंडाळलेला, वर झेंडू, हळदकुंकू, शेजारी विळा, कात्री, ह्यांचे नट आवळायचे पाने. खंडेनवमी ना, हत्यारांची पूजा झालेली. अन् माझ्या मोबाईलवर गेमच्या मेळ्यावाल्यांचा मेसेज येऊन पडलेला, तुमचा गेम उघडला की पडदा काळा होतो, पाचच्या आत नीट करून पाठवा, नाहीतर मेळ्यात घेता येणार नाही. मांडीवरचं बाळही रडायला लागलं.

गेम मी एकटीनं बनवलेला. केळीचे घड ट्रकात रचायचे, पडू द्यायचे नाहीत, एवढाच. मी दहावी नापास, लग्न होऊन धुळ्याला आले, बाळ झोपलं की व्हिडिओ बघून बघून शिकले. गेम जोडायचं सॉफ्टवेअर, त्याला इंजिन म्हणतात, ते फुकटचं. घडांची चित्रं काढायला वेगळं, आवाज कापायला वेगळं. नवे गेम लोकांना खेळायला मांडतात त्या ऑनलाइन मेळ्यात माझा गेम घेतला होता, पहिल्यांदाच. अन् मी काय केलं, आदल्या दिवशी आवराआवर म्हणून चित्रांचा फोल्डर परस्पर दुसरीकडे हलवला, फळीवरचे डबे हलवतो ना तसा. इंजिन बिचारं चित्रं जुन्या जागी शोधत बसलं, म्हणून पडदा काळा.

"आई, थोडा वेळ फक्त."

"पूजा व्हयनी. आज बठ्ठा हत्यारसले इसावा शे. उद्या दसराले उचल."

"पण हे काय हत्यार थोडंच, विसावा द्यायला..."

"मंग काय शे? तूच म्हनस ना, हाई मनं काम शे!"

हे माझं काम आहे, असं मीच तर म्हणायचे; मी हात मागे घेतला. अन् ह्याच आई आधी म्हणायच्या, "दिनभर त्या डबडाम्हा काय डोकं खुपसस व?" अन् यंदा त्यांनीच लॅपटॉप पुसला, नाडा बांधला, विळ्याशेजारी ठेवला. सकाळी ते बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

जेवून त्या कलंडल्या. मी पाटाजवळ गेले. गाठ सुटेना, दातानं नाडा तोडला. पाकळ्या कीबोर्डवर सांडल्या. फोल्डर जुन्या जागी आणला, इंजिनाला गेम परत जोडायला लावला, नेट नुसतं रांगत होतं, बाळ खांद्यावर. पाचच्या आत गेम गेला एकदाचा. मान वर केली तर दारात आई.

"झायं का तुनं काम?"

"झालं, आई."

त्यांनी तुटका नाडा उचलला, बाळाला माझ्या खांद्यावरून घेतलं अन् आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सांजेला जेवल्या नाहीत, दुपारी जेवल्या असूनही उपास आहे म्हणाल्या. गेम मेळ्यात लागला, लोक खेळायला लागले, अन् मी त्यांचं ताट झाकून बसून राहिले.

मी चुकले का, मला अजून कळत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?