द्रीनाकाठी नेजादला पोचवताना

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलहून निघालो तेव्हा मेवलिदामावशींच्या बॅगेत कपड्यांपेक्षा साखर जास्त होती. सिअ‍ॅटलच्या विमानतळावर बॅग वजनाला जास्त भरली आणि मी जरा वैतागूनच विचारलं, "मावशी, बोस्नियात साखर मिळत नाही का?"

"मिळते. पण हलवा माझ्या घरच्या साखरेचा व्हायला हवा," त्या म्हणाल्या. साखर तशीच ठेवून त्यांनी बॅगेतला जाड स्वेटर काढला आणि माझ्या अंगावर चढवला. तो जांभळा बायकी स्वेटर घालून मी इस्तंबूलपर्यंत गेलो.

मेवलिदामावशी म्हणजे आमच्या शेजारीण. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, हृदयाची तक्रार. नव्वदच्या दशकातल्या युद्धानंतर निर्वासित म्हणून त्या अमेरिकेत आल्या आणि हॉटेलातल्या खोल्या साफ करून मुलाला वाढवलं. तो मुलगा आता आयडाहोत ट्रक चालवतो आणि बोस्नियातल्या त्यांच्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणतो. मावशींचा धाकटा भाऊ नेजाद तिथेच राहिला. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याला आणि गल्लीतल्या इतर पुरुषांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. गावाच्या खाली नदीवर एक धरण आहे. दुरुस्तीसाठी त्याचं पाणी उतरवलं तेव्हा गाळातून हाडं निघाली. मावशींच्या रक्ताशी जुळवून त्यातलं एक हाड नेजादचं ठरलं. मांडीचं.

ही गोष्ट बरीच वर्षं जुनी. बाकीचा नेजाद सापडेल, मग पुरू, म्हणून त्या थांबल्या होत्या. यंदा म्हणाल्या, "आता माझाच भरवसा नाही. जेवढा आहे तेवढा ठेवून येते."

त्यांच्याकडे दफनाला बायका कबरस्तानात जात नाहीत. घरचा पुरुष जातो, आणि झालं म्हणून घरी येऊन सांगतो. मावशींच्या घरात मुलाशिवाय पुरुष उरलेला नव्हता, आणि तो यायला तयार नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने, केतकीने, माझ्याकडे पाहिलं. "तूच जा ना यार. तसाही लेऑफनंतर घरात बसून मला इरिटेट करतोयस." गमतीत बोलली, पण डोळे पुसत बोलली.

सारायेव्होला उतरून आम्ही टॅक्सीने डोंगर ओलांडला. रस्ता बोगद्यांतून जातो, आणि एका बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम खाली द्रीना दिसते. इतकं हिरवं पाणी मी आजवर पाहिलं नव्हतं. मी कराडचा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेला माणूस, नदी दिसली की माझा हात आपोआप नमस्काराला वर जातो. तसा तो गेला. मावशी दुसऱ्या खिडकीतून डोंगराकडे बघत होत्या. गाव येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मावशींनी लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे.

गाव तसं देखणं. तुर्कांच्या काळापासून नावारूपाला आलेलं. वरच्या रानातली लाकडं तोडून त्यांचे तराफे बांधायचे आणि द्रीनेतून खाली सोडायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मावशींचे आजोबा तराफ्यावर होते. पुढे ऑस्ट्रियन राजवट आली आणि छोट्या गाडीचं स्टेशन झालं, ते आता बंद पडलं आहे आणि फलाटावर कोणीतरी कोबी लावला आहे. युगोस्लाव्हियाच्या दिवसांत फर्निचरचा कारखाना निघाला. नेजाद तिथे खुर्च्यांना पॉलिश करायचा. संध्याकाळी सगळं गाव, मशिदीत जाणारं आणि चर्चमध्ये जाणारं, पुलावर फिरायला यायचं. मग युद्धात त्याच गावातल्या माणसांनी त्याच गावातल्या माणसांना त्याच पुलावर नेलं. मशीद तेव्हा पाडली होती, आता नवी बांधली आहे. तिचे दगड फार पांढरे दिसतात. बाजारात म्हातारी माणसं होती, तरुण जवळपास नव्हतेच. दोन बाजूंचे दोन कॅफे आहेत आणि कोण कुठे बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आम्ही उतरलो सादिकाबाईंकडे. या मावशींच्या चुलत बहीण, विधवा, युद्धानंतर एकट्याच परत येऊन राहिलेल्या. नदीपलीकडच्या चढावर त्यांचं घर, एक गाय, आलुबुखाराची झाडं. गेल्या गेल्या त्यांनी जेझ्वात (लांब दांड्याचं तांब्याचं भांडं) कॉफी उकळली आणि पीता (बटाट्याचं सारण भरून वळलेली खमंग पोळी) पुढे ठेवली. मी मांसाहारी आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. तोंड उघडलंच आहे तर बोलून घ्यावं म्हणून मी विचारलं, "इथे नदीतला मासा चांगला मिळत असेल ना?"

सादिकाबाईंना इंग्रजी येत नाही. मावशींनी प्रश्नाचं भाषांतर केलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "या घरात तो मासा येत नाही, सिने." सिने म्हणजे बाळा. त्या मला पहिल्यापासून तसंच हाक मारतात. मी कानकोंडा झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. सकाळपासून दोघी बहिणी चुलीपाशी. तुपात पीठ भाजायचं आणि त्यात साखरेचं पाणी ओतायचं. शब्दही हलवा आणि वासही आपल्या शिऱ्यासारखाच. हा वास मेलेल्या माणसापर्यंत पोचतो, म्हणून तूप सढळ हाताने घालायचं, असं मावशी म्हणाल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी माझी कॉलर नीट केली.

"सगळं बघ. नीट बघ. आणि आलास की सरळ माझ्याकडे ये. पहिलं मला सांग."

मी हो म्हणालो. फोन मी चार्जिंगला लावून तिथेच ठेवला होता, दफनात वाजायला नको म्हणून.

कबरस्तान नदीच्या अलीकडे, गावाबाहेर. होजा (मशिदीचे इमाम) तिथे माझी वाट पाहत होते. त्यांनी मला सगळ्यांत पुढे उभं केलं. "तू घरचा," म्हणाले. ताबूत म्हणजे हिरव्या कापडाने झाकलेली लाकडी पेटी. इथे प्रत्येक जण दोन-चार पावलं खांदा देतो आणि पेटी पुढच्याच्या खांद्यावर सरकते. जमलेल्या प्रत्येकाला तेवढं पुण्य मिळावं म्हणून. पहिला खांदा माझा होता. मी खांदा द्यायला ताकद लावून उभा राहिलो आणि पेटी भसकन वर गेली. आत काहीच वजन नव्हतं. पूर्ण लांबीची पेटी, आणि वजन म्हणाल तर फक्त फळ्यांचं. माझ्या मागचा म्हातारा मान खाली घालून रडत होता. मला रडू आलं नाही. राग आला, कोणावर ते कळेना.

माती लोटून झाली, प्रार्थना झाली, लोक गाड्यांत बसून सादिकाबाईंकडे हलव्याला निघाले. होजांनी मला बोलावलं. मी खुणेने सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो.

आता इथे काय झालं ते सरळ सांगतो. आमच्या कराडात स्मशानातून कोणी थेट घरात शिरत नाही. आधी घाटावर जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग घर. लहानपणापासून अंगात भिनलेली गोष्ट ही, तिच्याबद्दल कोणी विचार करत नाही. जिथे हलवा शिजतोय त्या घरात असाच, पारोसा, कसा जाऊ? मावशींच्या भल्यासाठीच म्हणून मी रस्ता सोडला आणि खाली नदीवर गेलो. पाणी बर्फासारखं होतं. शर्ट काढून ठेवला, ओंजळीने डोक्यावर पाणी घेतलं, तीनदा, आणि नमस्कार केला. थंडीने दात वाजायला लागले तेव्हा धोंड्यांवर उन्हात बसलो. बरं वाटत होतं. किती वेळ बसलो कोण जाणे. सावली पायापर्यंत आली तेव्हा उठलो.

पूल ओलांडून चढ चढू लागलो तर मावशी रस्त्यातच उभ्या. गुडघ्यांमुळे एरवी पायरी उतरताना त्यांना हात द्यावा लागतो, आणि इथे त्या कोणाचा हात न धरता अर्धा चढ उतरून आल्या होत्या. हातात हलव्याचा डाव तसाच. मागे सादिकाबाई आणि होजा.

मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या ओल्या केसांना हात लावला आणि हात लगेच मागे घेतला.

"गाड्या आल्या," त्या म्हणाल्या. "सगळे उतरले. मी विचारलं, माझा कुठे आहे? तर म्हणाले, तो नदीकडे गेला."

मी काहीतरी सांगायला लागलो, आमच्याकडे आंघोळ करतात, वगैरे.

"नेजादचं विचारलं होतं, तेव्हाही मला एवढंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "नदीकडे नेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि चारचौघांत, होजांच्या देखत, माझं डोकं खसाखसा पुसायला लागल्या. दुखेल इतकं. कान, मान, पुन्हा केस. एक थेंब राहू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं असावं. मग विचारलं, "झालं?"

"झालं."

"जड होता?"

"जड होता मावशी," मी म्हणालो. "बदली करावी लागली."

त्यांनी होजांकडे पाहिलं. होजांना आमचं इंग्रजी कळत होतं. त्यांनी मान हलवली, हो, जड होता. मग आम्ही वर गेलो आणि हलवा खाल्ला. मी दोनदा मागून घेतला.

परतीच्या प्रवासात बॅग हलकी होती, स्वेटर मावशींच्याच अंगात होता. डोंगर चढताना शेवटच्या बोगद्याआधी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. नदी घाण धुऊन नेते एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. तीच नदी कोणाचं घर धुऊन नेते आणि तिच्या काठी राहणाऱ्याला रोज तिच्यावरून ये-जा करावी लागते, हे तिथे कळलं. कृष्णेच्या घाटावर मी आता निवांत बसू शकेन की नाही, सांगता येत नाही.

बॉथेलला पोचलो त्या संध्याकाळी कराडहून आईचा फोन आला. सगळं नीट पार पडलं का, विचारलं. मग म्हणाली, "आणि मातीला गेला होतास, तर आंघोळ केलीस ना नंतर?"

"केली."

"कुठे, हॉटेलात?"

"नाही गं. नदीवर."

"बरं केलंस. वाहत्या पाण्यात केलेली चांगली," आई म्हणाली. तिला बरं वाटलं, म्हणून मी पुढे काही बोललो नाही. फोन ठेवला, चपला घातल्या आणि या वेळी सरळ शेजारी जाऊन मावशींची बेल वाजवली. दार उघडल्यावर सांगितलं की बॅगा आत ठेवल्या, मी घरी पोचलो आहे.