हळदीच्या मांडवातला डाव

आटगाव स्टेशनवर घोरपड दिसली, तर शहापूर येईपर्यंत मी तिची मगर करतो आणि घरी पोचेपर्यंत तिनं एखादं वासरू गिळलेलं असतं. स्वभावच तो. पण आता जे सांगतोय, त्यात बोटभरही वाढवलेलं नाही. लाज कोणी फुगवून सांगत नाही. ती आहे तेवढीच पुरते.

नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या लग्नांत पुरुषांना खरं काम एकच असायचं. जांभळीचे टाळे, म्हणजे पाल्याच्या फांद्या, आणून मांडव घालायचा. तो झाला की हळदीच्या दिवशी दुपारी बायका चुलाणावर, आणि आम्ही मांडवात चादर अंथरून तीन पत्तीला. भावकीतला, सोयऱ्यांतला प्रत्येक जण नोटा लावायचा. नवरीचा बाप मात्र नोटेऐवजी सुपारी ठेवायचा. यजमान म्हणून त्याला तेवढी सवलत, असं मी समजायचो. डाव जिंकला तर नोटा त्याच्या, हरला तर सुपारी गेली. त्यापुढे मी कधी विचार केला नाही. विचार करायला गप्प बसावं लागतं.

त्या चादरीवर मी हरायचो. कसा हरायचो! एक्का आला की माझी वाचा बसायची आणि हातात काही नसलं की मी पार उंबरमाळीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचो, "आज तुमचे बैल विकायला लावतो!" मांडवातल्या कोंबडीलासुद्धा माझे पत्ते कळायचे. खिसा उलटा करून उठलो की एखादा म्हातारा पाठीवर थाप मारायचा, "मांडव राखलास रे." बाकीचे माना डोलवायचे. ही थट्टा मला मिरचीसारखी झोंबायची. पुढच्या लग्नात मी आणखी त्वेषानं बसायचो आणि आणखी जोरात हरायचो.

पुढे मुरबाडच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर झालो. एका बऱ्या वर्षी मालकानं आम्हा चौघांना गोव्याला नेलं. तिथं नदीत उभ्या असलेल्या बोटीवर कॅसिनो. पोकरचं टेबल. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांचे मिळून मध्ये. मला वाटलं, तीन पत्तीत दोन पत्त्यांची भर, त्यात काय मोठंसं! एक चहा पिऊन होईपर्यंत मी धुतला गेलो. शेजारी एक जाडा गृहस्थ बसला होता. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाईसाब, आप हर पत्ता खेलते हो. पहले फेंकना सीखो."

हे वाक्य घेऊन मी परत आलो आणि पेटलो. शहापूरच्या स्टँडजवळ सायबर कॅफे होता. तिथं बसून पोकरवरचं जे सापडेल ते छापून आणलं. इंग्रजी येत नव्हतं तिथं अंदाज लावला. कॉम्प्युटरवर खोट्या पैशांनी खेळलो. एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. चांगले पत्ते येणं आपल्या हातात नसतं, वाईट टाकणं असतं. दुसरं, चेहरा. दाढीच्या आरशासमोर मी दगडासारखा चेहरा करून उभा राहायचो. आमची ही म्हणायची, "पोटात कळ आलीय का? ओवा देऊ?" एसटीत कंडक्टरच्या भुवयांवरून त्याच्याकडे सुटे आहेत की नाहीत ते ओळखायला लागलो. धसईच्या बाजारात भाजीवाली भाव कुठवर उतरवेल, ते तिच्या पदराच्या हालचालीवरून सांगायचो. दुसऱ्या खेपेला गोव्यात अख्खी संध्याकाळ टिकलो आणि नेलं त्याहून थोडं जास्त घेऊन उठलो. शहापुरात सांगताना मात्र बोटीच्या कप्तानानं मला सलाम ठोकला होता.

आणि मग भाचीचं लग्न निघालं.

मोठ्या बहिणीची मुलगी. बहिणीचं घर धसईच्या पुढं, डोंगराच्या कुशीत. मी सख्खा मामा. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या मागं उभं राहायचं ते मीच. ज्या चादरीवर इतकी वर्षं थट्टा सोसली, त्याच चादरीवर आता मामाचं पाणी दाखवायचं, असं ठरवूनच मी मांडवात बसलो.

पहिले डाव मी टाकतच गेलो. पत्ते बघायचे, ठेवायचे, पॅक. तोंडातून चकार शब्द नाही.

"मामा, तब्येत बरी नाय काय?" भावकीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"बोलत नाय तो. कोनी करणी केली वाटतं," दुसरा म्हणाला.

मी दगड. डोळे मात्र सगळ्यांवर. म्हाताऱ्याकडे जोडी आली की तो गुडघा खाजवायचा. दुसऱ्याकडे रंग आला की त्याची विडी विझायची. आणि एक अजब गोष्ट दिसली. चांगले पत्ते असून हे लोक भावजींसमोर, नवरीच्या बापासमोर, टाकून देत होते! गुडघा खाजवून खाजवून म्हातारा पॅक म्हणाला, तेव्हा मला मनात हसू फुटलं. यांना खेळताच येत नाही! एवढी वर्षं मी या अडाण्यांकडून हरत होतो!

नोटांचा ढीग वाढला. शेवटी बाकी सगळे पॅक, समोर भावजी. त्यांनी हसून सुपारी ठेवली. माझ्याकडे इस्पिकचा पक्का रंग. मी शो मागितला. त्यांच्याकडे अठ्ठ्यांची जोडी. मी दोन्ही हात पसरले आणि बोटीवर चिप्स ओढतात तसा तो ढीग, सुपाऱ्यांसकट, छातीशी ओढला.

कोणी हसलं नाही. कोणी पाठीवर थाप मारली नाही. म्हातारा उठला, टोपी झटकली आणि कसलं तरी काम आहे म्हणून निघून गेला. भावजी चादरीचं टोक दुमडत म्हणाले, "बरा खेळलास." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. तेच मला आधी खटकलं.

चुलाणापाशी बहिणीनं मला गाठलं. हातात भाताचं भलंमोठं उलथणं.

"काय केलास रे ह्या?"

"जिंकलो, बाय."

"कोनाचा जिंकलास?" तिचा आवाज घोगरा झाला. "भावकीचा पैसा होता तो. वाणी हाय, वाजंत्री हाय, उद्याचा जेवन हाय. कोनी हातात आनून दिला तर माझा नवरा घेल काय? मरेल पन घेनार नाय. म्हनून पत्त्यात देतात. त्यांनी जिंकला म्हंजे मदत नाय, खेळ. सगल्या घरांत असाच चालतो."

माझ्या खिशातल्या सुपाऱ्या निखाऱ्यासारख्या लागायला लागल्या. "मला कोणी सांगितलं नाही गं."

"तुला सांगायचा?" ती बघतच राहिली. "अरं, तुझ्याएवढा मन लावून कोन हरला नाय कधी! वरडून वरडून हरायचास, म्हंजे समोरच्याला वाटूसुदिक नको, का मुद्दाम हरतोय. सगली बोलायची, मांडव राखावा तर हिच्या भावानं. माझी मान किती वर व्हायची, ठाव हाय?"

इतकी वर्षं मी त्या चादरीवरचा सगळ्यात दिलदार माणूस होतो, आणि ते एकट्या मलाच माहीत नव्हतं. मी खिशात हात घालून नोटा काढल्या. ती चुलाणाच्या पलीकडे सरली.

"हातात नको! त्यांना कळला तर ते उद्या पंगतीत बसनार नायत. पत्त्यात गेला, पत्त्यातच येऊ दे. नायतर उद्या अंतरपाटामागं उभा राहशील तवा लोक पोरीला नाय, तुला बघतील."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी चादर स्वतः अंथरली. कोणी बसेना. पण लग्नाच्या दिवशी मामाला नाही म्हणता येत नाही, म्हणून भावजी आले, त्यांच्यामागून दोघे-तिघे. मी हरायला बसलो. आणि मला हरता येईना! दुर्री, पंजी, सत्ती, तीन रंगांची, असल्या कचऱ्यावर मी नोटा लावल्या, तर सगळे घाबरून पॅक. कालच्या एका दुपारीत माझी दहशत कसाऱ्याच्या घाटातल्या वाघासारखी पसरली होती. जुन्या सवयीनं ओरडून पाहिलं, "आज तुमचे बैल विकायला लावतो!" म्हाताऱ्यानं मुकाट पत्ते खाली ठेवले. ढीग माझ्याकडेच वाढत चालला. तिकडे वाजंत्रीवाल्यांनी ताशे शेकायला घेतले. वेळ संपत आली होती.

शेवटच्या डावात मी पत्ते न बघताच सगळं मध्ये ढकललं, कालचं आणि आजचं, नोटा आणि सुपाऱ्या. बाकीचे पॅक. भावजींनी एक सुपारी ठेवली. मी पत्त्यांना हात लावण्याआधीच पॅक म्हणणार, तोच ते म्हणाले, "बघ तरी, मामा. न बघता टाकू नको."

त्यांचं बरोबर होतं. न बघता टाकले असते तर ती भीक झाली असती.

मी बघितले. तीन राण्या.

त्याआधी कधी नाही आणि त्यानंतर कधी नाही. लोक जन्मभर पत्ते खेळतात आणि तीन सारखे पत्ते, सगळ्यांवर मात करणारे, एकदाही न बघता मरतात. दाढीच्या आरशासमोर कमावलेला तो दगडी चेहरा गोव्यात मी उगाच मिरवला होता. त्याचं खरं काम इथं होतं. मी एक राणी दुसरीमागं सरकवली, तिघींना उपडं ठेवलं आणि म्हणालो, "पॅक."

भावजींनी नोटा टॉवेलात गोळा केल्या. मग पत्ते आवरायला घेतले. माझे पत्ते उचलताना त्यांचा अंगठा कोपऱ्यापाशी क्षणभर थांबला, असं मला वाटलं. मी कंडक्टरच्या भुवया वाचणारा माणूस, पण त्या चेहऱ्यावरचं एक अक्षर मला लागलं नाही. राण्या त्यांना दिसल्या नसतील, तर मी नीट हरलो. दिसल्या असतील, तर मी त्यांच्याच मांडवात, त्यांच्याच मुलीच्या लग्नात, त्यांच्या हातावर पैसे ठेवले होते. "मांडव राखलास" असं ते म्हणाले नाहीत. पुढेही कधी नाही.

अंतरपाटामागं मी उभा राहिलो. अक्षता पडत होत्या. लोक कोणाकडे बघत होते ते मला माहीत नाही, मी भाचीच्या टाचांवरून नजर वर काढली नाही.

भावजी असेपर्यंत, दिवाळीला गेलो की बहीण कधीतरी विचारायचीच, "त्या लग्नाच्या सकाली शेवटच्या डावात तुझ्याकडं काय होता रे?"

कोपऱ्यात भावजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले असायचे. घोरपडीची मगर करणारा मी म्हणायचो, "काय असणार, बाय? दुर्री, पंजी, सत्ती."

अडकित्ता थांबायचा नाही. भावजी मान वर करायचे नाहीत. कातरलेली सुपारी तळहातावर घेऊन ती माझ्यापुढे धरायचे, आणि मी खाली बघतच उचलायचो.